जुनी वस्त्रं पाहायला जाताना

ढाणकीच्या शिवारातला कापूस गाडीत भरून गेला की आपला त्याच्याशी संबंध संपतो. पण कापडाची हौस असेल, तर पुण्याला गेल्यावर बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन या. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ ते उभारलं. इथल्या वीस हजारांहून अधिक वस्तूंमध्ये जुनी वस्त्रंही आहेत.

जुनी पैठणी कुठंही दिसली तर पदरापाशी थांबा. तिथला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीनं विणलेला असतो, धागे एकमेकांत अडकवत. म्हणून अस्सल पदर उलटसुलट सारखाच दिसतो.

वस्त्रांच्या दालनात उजेड मंद असला तर कुरकुर नको. प्रखर उजेडात रंग विटतात. रेशीम घडीवर चिरतं, म्हणून जाणकार ते गुंडाळून ठेवतात. घरातल्या आजीच्या शालूची निदान घडी तरी अधूनमधून मोडावी.

कापड जपून वापरण्यात जपानी किमोनोही मोठा हिशेबी. साधारण 36 सेंटिमीटर रुंदीचं लांबलचक कापड सरळ रेषेत कापायचं, वाया काही घालवायचं नाही. पूर्वी धुण्यासाठी तो चक्क उसवत आणि पुन्हा शिवत! नेसताना डावी बाजू उजवीवर. उलट फक्त मृताला. आपल्या नऊवारीला मात्र कात्रीच लागत नाही.

आणि हो, संग्रहालयात फोटोची परवानगी तिकीट काढतानाच विचारा. मिळाली तरी फ्लॅश बंद ठेवा.