थकवा, थायरॉईड आणि आईची पुडी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. तो मी भांडून बदलून घेतला. कारण मागच्या दिवाळीत आपल्या मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने सहज विचारलं, "थायरॉईडची गोळी कुणाकुणाला चालू आहे गं?" आम्ही ग्रुपवर बावीस जणी. रात्रीपर्यंत सात जणींनी 'मला' म्हणून लिहिलं. त्यातल्या दोघी एकाच गल्लीत राहतात आणि त्यांनाही एकमेकींचं माहीत नव्हतं. तेव्हा ठरवलं, संधींबद्दल मुलं आपली आपण वाचतील, आपण हे बोलू.

माझा आजार २०१६ साली निघाला. त्याआधी दीड वर्ष मी स्वतःला आळशी समजत होते. केस मूठमूठ गळायचे, बद्धकोष्ठता, अंगावर सूज, आणि पुण्यातल्या एप्रिलमध्ये ऑफिसात शाल पांघरून बसायचे. कोडची खालची ओळ वाचेपर्यंत वरची विसरायचे. घरचे म्हणत, दोन मुलं, नोकरी, हिंजवडीचा प्रवास, बाई दमणारच. मलाही ते पटायचं. शेवटी आवाज घोगरा झाला म्हणून घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गळा चाचपला आणि रक्त तपासायला पाठवलं. टीएसएच ३८ आलं. ते साधारण चारच्या आत असावं लागतं.

टीएसएच हे थायरॉईडचं संप्रेरक नव्हे. ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. मागच्या बाकावरचा पोरगा ढिला पडला की आपले सर आवाज चढवायचे, तसं थायरॉईड ढिली पडली की पिट्युटरी आवाज चढवते. म्हणून आजारात हा आकडा वर जातो.

गावी कळलं तेव्हा काकू म्हणाल्या, "आयोडीनचं मीठ खात न्हाईस काय?" प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या देशात गलगंड नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम १९६२पासून आहे आणि मिठात आयोडीन त्यातूनच आलं. पण माझ्या बाबतीत आयोडीन कमी पडलं नव्हतं. माझ्या शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडला परकी समजून पोखरत होती. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली हा प्रकार लिहून ठेवला, म्हणून त्यांचं नाव त्याला मिळालं. यात जास्त मीठ खाऊन फक्त रक्तदाब वाढतो.

उपचार मात्र जुना आणि साधा आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचायला सुरुवात केली. ती बाई पुढे २८ वर्षं जगली. आज मेंढी लागत नाही, एक छोटी गोळी पुरते. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहासुद्धा नाही. आपल्याकडच्या बाईला सकाळचा चहा तासभर थांबवायला सांगणं म्हणजे काय, ते इथे समजावून सांगायला नको.

सहा महिन्यांत माझा आकडा अडीचवर आला. पण मी काही बरी झाले नाही. दुपारी चार वाजता डोळे मिटायचे आणि पहाटे तीनला टक्क जाग. रिपोर्ट नॉर्मल आणि बाई मात्र नाही. डॉक्टर म्हणाले, "आकडा छान आहे." मी आकड्याबद्दल विचारलंच नव्हतं.

मग इंजिनिअर करतो तेच केलं, रात्र रात्र वाचत बसले. तिथे कॉर्टिसॉल भेटलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ते बनवतात. पहाटे वाढतं, सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्री सर्वांत कमी. ताणाने या ग्रंथी 'थकतात', असं छातीठोक सांगणारे आणि लगेच त्यावरचं चूर्ण विकणारे शेकडो. मी तीन हजार रुपयांचे डबे मागवले. वर केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालूच होत्या.

सुदैवाने नंतर संप्रेरकांच्या एका डॉक्टर बाई भेटल्या. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. म्हणाल्या, शंका रास्त आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटते, त्यांच्यात क्वचित ॲड्रिनलवरही उलटते, आणि ते चुकवून चालत नाही. दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसॉल भरून काढावं लागतं. नुसती थायरॉईडची गोळी दिली तर रुग्ण गंभीर होऊ शकतो. त्यांनी सकाळी आठचं रक्त तपासलं. कॉर्टिसॉल साडेसोळा, उत्तम. 'थकलेल्या ॲड्रिनल' नावाचं निदान वैद्यकशास्त्रात नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग त्यांनी मला माझा दिवस तासातासाने विचारला. हे आधी कुणी केलं नव्हतं. हिमोग्लोबिन निघालं पावणेनऊ, कारण पाळीत रक्त फार जायचं आणि ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं. बी-१२ तळाला. लोहाची गोळी मी थायरॉईडच्या गोळीबरोबर एकाच घोटात घ्यायचे. लोह आणि कॅल्शियम हिला शोषू देत नाहीत, मध्ये चार तास हवेत. बायोटिनमुळे रक्ताचे आकडेच चुकू शकतात, म्हणून तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद. आणि अमेरिकेतल्या टीमबरोबर रोज रात्री एक वाजेपर्यंत कॉल. त्यावर बाई म्हणाल्या, "याला माझ्याकडे गोळी नाही." कॉल बंद करायला मला आठ महिने लागले, एक बढतीही गेली. दुपारचे चार अजून पूर्ण सुटलेले नाहीत, पण बरेच.

आता ज्यासाठी उभी राहिले, ते सांगते.

या वाचनाच्या नादात २०१९च्या मे महिन्यात गावी आले आणि आईकडे बघितलं. आईचा चेहरा गोल, तुकतुकीत झाला होता. शेजारणी म्हणत, लेकीच्या पगाराचं तेज आलंय. हातपाय मात्र काटकुळे आणि कातडी अशी की बांगडी घासली तरी काळानिळा डाग. विचारलं तर गुडघ्यासाठी दोन वर्षं एका माणसाकडून पुड्या घेत होती. "आगं, पाय चालत्यात की आता," म्हणाली. झाडपाल्याचं औषध, साईड इफेक्ट नाही.

मी ओळखलं. अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉईड कुटून घातलेलं असतं. ते कॉर्टिसॉलचंच भावंड, म्हणून दुखणं जादूसारखं थांबतं. मला माझ्या शहाणपणाचा इतका अभिमान वाटला की त्याच संध्याकाळी सगळ्या पुड्या मी चुलीत टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेले.

बाहेरून भरपूर मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं सोडून देतं. ते मीच वाचलं होतं. पण बाहेरचं एकदम तोडलं तर शरीराकडे काहीच उरत नाही, एवढी पुढची पायरी मला सुचली नाही. सहाव्या दिवशी भावाचा फोन आला. आईला उलट्या, उठून बसता येत नाही. जवळच्या दवाखान्यात पोट बिघडलं म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं होतं. रात्री ती बरळायला लागली. वळवाच्या पावसात भावाने जीपमध्ये घातलं. बांबवडे ओलांडेपर्यंत तिची नाडी लागत नव्हती, असं तो सांगतो. कोल्हापुरात मी फोनवरून डॉक्टरांना पुड्यांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. सकाळी आई उठून बसली आणि चहा मागितला.

पुढे ते औषध गोळीने चालू ठेवून थोडं थोडं कमी करत आणायला अकरा महिने लागले. मध्ये मध्ये सकाळी आठचं रक्त. ताप आला की डोस वाढवायचा, हे भावाच्या बायकोने पाठ करून ठेवलं होतं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या आईवडिलांचे गुडघे आता त्या वयात आलेत. घरी गेल्यावर उशाखालचा डबा, फडताळ जरूर बघा. पुडी सापडली तर ती फेकू नका. पुडीसकट माणसाला डॉक्टरांकडे न्या. बंद कशी करायची ते त्यांना ठरवू द्या. आणि त्या दमलेल्या सात जणींनो, जेवणानंतर मी वडाच्या पारावर बसणार आहे, रिपोर्ट घेऊन या. डॉक्टरकी करणार नाही, फक्त कोणती गोळी कशाबरोबर घेता ते विचारणार आहे.

आई आज आलीय, शेवटच्या रांगेत बसलीय. स्टेरॉईड घेत होती असं लिहिलेलं कार्ड अजून तिच्या बटव्यात असतं. गुडघे दुखतात, काठी लागते. मघाशी पायऱ्या चढताना मला म्हणाली, "त्या पुडीनं चालत हुते बघ." मी काही बोलले नाही, हात धरला.