राग आला, पुढे काय?

(रामटेक येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आज मोठ्या विषयातला एकच प्रश्न घेऊन आलोय. आपण रोज वापरतो ती गोष्ट कुणी आपल्याला न विचारता बदलली, तर आपण काय करायचं?

जानेवारी 2021 आठवा. व्हॉट्सअ‍ॅपने नव्या अटी दाखवल्या आणि आपल्यापैकी अनेकांनी चिडून सिग्नल घेतलं. बरेच जण काही दिवसांत परतही आले, कारण घरचा, गल्लीचा, कॉलेजचा ग्रुप तिकडेच होता. तिथे आपल्या हातात दोनच गोष्टी होत्या: ‘मान्य आहे’ दाबा, नाहीतर निघून जा.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये तिसरी गोष्ट असते. त्याचा कोड सगळ्यांसमोर उघडा असतो. तो वाचायचा, बदलायचा, बदललेला दुसऱ्याला द्यायचा हक्क परवान्यातच लिहिलेला असतो. जीपीएल हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध परवाना. म्हणजे मूळ मंडळींचं पटलं नाही, तर त्याच कोडवरून वेगळी आवृत्ती काढता येते. आम्ही त्याला ‘फोर्क’ म्हणतो.

महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे. 2022 च्या चौदाव्या आवृत्तीत त्यातून पगार आणि कर्मचाऱ्यांचा भाग वेगळा काढला. दवाखान्याचा भाग, शाळा-कॉलेजचा भाग, अगदी आपल्याकडच्या जीएसटीचा भागही वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये गेला. बनवणाऱ्यांच्या बाजूने हे समजण्यासारखं आहे. मूळ सॉफ्टवेअर लहान राहिलं की सांभाळायला सोपं जातं, प्रत्येक भागाला आपल्या गतीने पुढे जाता येतं.

पण समजा, रामटेकजवळच्या एखाद्या राईस मिलचा सगळा कारभार यावर चालतो. तिथल्या मुनीमजींना कोडची रचना माहीत नाही. त्यांना एवढंच कळतं की नवी आवृत्ती घेण्याआधी आणखी दोन-तीन अ‍ॅप बसवायला हवेत, नाहीतर हमालांच्या पगाराचा भाग गायब. त्यांची चिडचिडही खरी आहे. बनवणारा आणि वापरणारा दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मात्र वेगळा काढलेला कोड उघडाच राहिला, त्यामुळे मुनीमजींचा रस्ता लांबला तरी बंद झाला नाही.

आता ऑडॅसिटी. तुमच्यापैकी कुणी नात, भाषण किंवा पॉडकास्ट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं असेल, तर हे नाव माहीत असेल. 2000 सालापासूनचं, मोफत, जीपीएलखालचं. 2021 मध्ये ते म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेलं. मे महिन्यात प्रस्ताव आला की सॉफ्टवेअर कसं वापरलं जातं याची माहिती गोळा करायची, आणि त्यासाठी गूगल आणि यांडेक्स यांच्या सेवा घ्यायच्या. ही सोय वापरकर्त्याने स्वतः सुरू केली तरच चालणार होती. तरीही लोक खवळले. आवाज आपला, कॉम्प्युटर आपला, मग मोजमाप तिसऱ्याकडे का? थोड्याच दिवसांत प्रस्ताव मागे घेतला गेला.

जुलैमध्ये नवं गोपनीयता धोरण आलं. त्यात 13 वर्षांखालच्यांनी हे वापरू नये असं होतं. लोकांनी लगेच बोट ठेवलं: कुणीही, कशासाठीही वापरावं असं जीपीएल सांगतो, मग मुलांना मनाई कशी? कंपनीने माफी मागून मजकूर बदलला. ‘तुम्ही चोर आहात’ असं ओरडणारे पुष्कळ होते. पण कंपनीकडे ज्याला उत्तर नव्हतं, तो मुद्दा परवाना नीट वाचणाऱ्यांचा होता.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या रागातून टेनॅसिटी नावाचा फोर्क निघाला. त्याचं नाव काय ठेवायचं यावरून वाद पेटला आणि काम सुरू करणाऱ्यालाच लोकांनी इतका त्रास दिला, की तो बाजूला झाला. कंपनीविरुद्धचा राग शेवटी फुकट काम करणाऱ्या एका माणसावर निघाला. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. मोहल्ल्यातली कमिटी असो की शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देणारा गट, जो हाताशी सापडतो त्यालाच आपण झोडपतो.

उलट 2010 मध्ये पाहा. सन ही कंपनी ओरॅकलने विकत घेतली, तिच्यासोबत ओपनऑफिसही गेलं. काम करणाऱ्यांना भविष्याची काळजी वाटली. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर केलं आणि लिबरऑफिस सुरू झालं. पुढच्या वर्षी ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनला देऊन टाकलं. आज लिबरऑफिस जगभर चालतं, मराठीतही मिळतं. निघून गेलेल्यांनी नुसता निषेध केला नव्हता. संस्था उभी केली, कामं वाटून घेतली, वर्षानुवर्षं नव्या आवृत्त्या काढल्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: फोर्कचा हक्क कागदावर सगळ्यांना आहे, पण ज्यांच्याकडे काम करणारे हात आहेत त्यांच्याच धमकीला वजन असतं. मराठी आणि उर्दू बोलणाऱ्या आपल्यासारख्यांचे हात तिथे फार कमी आहेत. फायरफॉक्स मराठीत आहे, उर्दूतही आहे, ते स्वयंसेवकांमुळे. मूळ सॉफ्टवेअरमधलं वाक्य बदललं की जुनं भाषांतर निकामी होतं आणि कुणी नवं करेपर्यंत तिथे इंग्रजी दिसतं. त्या बदलाविरुद्ध मराठीत कोण बोलणार? जो आधीपासून तिथे काम करतोय तोच.

इथल्या इंजिनीअरिंगच्या मुलामुलींना माझी विनंती आहे. आपण वापरतो असं एक सॉफ्टवेअर निवडा. चूक दिसली तर कोणती आवृत्ती, काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, असं चार ओळींत लिहून कळवा. कोड येत नसेल तर भाषांतर करा. मोहल्ल्याच्या सर्व्हेसाठी किंवा शिष्यवृत्तीच्या यादीसाठी एखादं अ‍ॅप घेताना आधी विचारा: लोकांची नावं, पत्ते, नंबर कुठे जमा होणार, आणि उद्या हे बदललं तर आपली यादी बाहेर काढता येईल का? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत त्यात एकही नाव भरू नका.

आणि बदल पटला नाही तर जरूर भांडा. फक्त समोरचा पगारी कंपनी आहे की रात्री घरी बसून काम करणारा एकटा माणूस, हे आधी बघून घ्या.