पत आणि अनामत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत 'पत' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. माणसाची पत म्हणजे त्याची अब्रू आणि व्यापाऱ्याची पत म्हणजे त्याला बाजारात किती उधार मिळेल, याचा अंदाज. दोन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो. दुसरा शब्द 'अनामत'. तो अरबी 'अमानत'वरून मराठीत आला. अमानत म्हणजे विश्वासानं दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेबद्दल, म्हणजे स्टेट बँकेबद्दल, आज बोलायचं आहे आणि त्यासाठी मला या दोन शब्दांची सोबत हवी आहे.

या बँकेची दोन चित्रं लोकांच्या मनात शेजारी शेजारी टांगलेली असतात. एक विनोदातलं. लांबच लांब रांग, 'पलीकडच्या खिडकीवर जा' हे उत्तर आणि कधी न संपणारी जेवणाची सुट्टी. हे विनोद आता मोबाइलवर फिरतात. दुसरं चित्र भरवशाचं. 'सरकारी आहे, बुडायची नाही.' गंमत अशी, की विनोद सांगून हसवणारा माणूसच मुलीच्या लग्नाचे पैसे तिथेच नेऊन ठेवतो. २००८ साली अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स कोसळली, तेव्हा आपल्याकडेही अनेकांनी खासगी बँकांतल्या ठेवी काढून सरकारी बँकांत नेल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येतील, असं जाहीर झालं. मुंबईतल्या त्या शाखांबाहेर ताटकळलेली माणसं ज्यांनी पाहिली, त्यांना हा भरवसा कुठून येतो, हे वेगळं सांगायला नको.

हा भरवसा काही फुकट मिळालेला नाही. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेनं ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करवली. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल १९५४ साली आला. शेतकरी घेत असलेल्या कर्जातल्या दर शंभर रुपयांत व्यापारी बँकांचा वाटा एक रुपयाचाही नव्हता, बहुतेक कर्ज सावकाराचं होतं. त्या अहवालानंतर इम्पीरियल बँक ताब्यात घेऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक स्थापन झाली. पाच वर्षांत चारशे नव्या शाखा काढायच्या, असं बंधन कायद्यानंच घातलं आणि बँकेनं ते पाळलं. साहेबांची आणि मोठ्या व्यापाऱ्यांची बँक तालुक्याच्या गावी आली. आज तिच्या २२ हजारांहून अधिक शाखा आहेत.

माझे अब्बा फळांचा गाडा लावत. आठवड्याच्या बाजाराची कमाई ते या बँकेत भरत. व्याज घेणं त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. वर्षाअखेरीला पासबुकात व्याजाचा आकडा आला, की ते तेवढी रक्कम वेगळी काढून कुणा गरजूला देऊन टाकत आणि 'हा दानधर्म नव्हे' असंही सांगत. मी एकदा विचारलं, "अब्बा, व्याज नको, तर बँक कशाला?" ते म्हणाले, "बेटा, ही आपली अमानत आहे. घरात चोराची भीती आणि माझ्या हाताला खर्चाची." अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसानं सांगितलेला बँकेचा हा पहिला धर्म. ठेवलेलं जपायचं आणि मागितल्यावर परत द्यायचं.

पण 'बुडायची नाही' हे वाक्य आपण जरा जपून म्हणावं. स्टेट बँकेचं कूळ १८०६ साली कलकत्त्यात सुरू झालेल्या बँकेपर्यंत जातं. त्याच कुळातली बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये मुंबईत निघाली. सरकारचा आशीर्वाद तिलाही होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६३ मध्ये बँकेचे नियम सैल झाले. कंपन्यांचे शेअर तारण ठेवून मोठी कर्जं दिली गेली. प्रेमचंद रायचंद यांचा बँकेत मोठा दबदबा होता. आईच्या नावानं राजाबाई टॉवर बांधायला देणगी देणारे ते हेच गृहस्थ. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव पडले, शेअरचे कागद रद्दी झाले. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. खिडकीवर रांगेत उभ्या असलेल्या माणसानं ती बुडवली नव्हती. आतल्या खोलीत, ओळखीच्या माणसांना दिलेल्या कर्जांनी ती बुडवली.

म्हणून मला वाटतं, बँकेविषयीचं आपलं मत खिडकीपाशी थांबू नये. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला आपण नावं ठेवतो. तो बिचारा कमी माणसांत दुप्पट कामं उरकत असतो. खरे व्यवहार आपल्याला दिसत नाहीत.

दोन उदाहरणं देतो. एप्रिल २०१७ पासून बँकेनं बचत खात्यात किमान शिल्लक नसेल तर दंड घ्यायला सुरुवात केली. जनधन आणि मूलभूत बचत खात्यांना त्यातून वगळलं होतं. शून्य शिलकीची कोट्यवधी खाती सांभाळण्याचा खर्च मोठा आहे, असं बँकेचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्यही होतं. पण आठ महिन्यांत हा दंड १,७७१ कोटी रुपये झाला. जुलै ते सप्टेंबर २०१७ या तिमाहीतल्या बँकेच्या निव्वळ नफ्यापेक्षा हा आकडा मोठा होता. ज्याच्या खात्यात पैसे नव्हते, त्याच्याकडूनच ते घेतले गेले. ओरड झाल्यावर दंड कमी केला गेला आणि मार्च २०२० मध्ये तो रद्द झाला.

दुसरं उदाहरण निवडणूक रोख्यांचं. २०१८ पासून हे रोखे विकण्याचा अधिकार एकट्या स्टेट बँकेला होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि ६ मार्चपर्यंत तपशील द्यायला सांगितलं. बँकेनं ३० जूनपर्यंत मुदत मागितली. देणगीदारांची आणि पक्षांची माहिती वेगवेगळी ठेवली आहे, ती जुळवायला वेळ लागेल, असं कारण दिलं. न्यायालयानं ११ मार्चला ती मागणी फेटाळली आणि दुसऱ्याच दिवशी माहिती निवडणूक आयोगाकडे पोहोचली. रोख्यांचे क्रमांकही न्यायालयानं पुन्हा बजावल्यावर २१ मार्चला दिले गेले.

छोट्या खातेदाराचा दंड यंत्र आपोआप कापून घेतं. मोठ्यांची माहिती मात्र मागून, दरडावून मिळते. बँकेच्या पतीला धक्का लागतो तो इथे. रांगेतला अर्धा तास माणूस विसरतो, दुजाभाव विसरत नाही.

'सावकार' हा शब्दही एके काळी मानाचा होता. गावात सावकाराला 'या, बसा' होत असे. मग वह्यांत काय लिहिलंय, हे कुळाला कळेनासं झालं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी त्याच वह्या आणि कर्जरोखे पेटवून दिले. आज कुणी वह्या जाळणार नाही. पण वही वाचता यावी, ही मागणी आजही रास्त आहे. खात्यातून रक्कम वजा झाली, की कशासाठी ती झाली, हे साध्या मराठीत कळावं. कर्ज बुडवणाऱ्या बड्या मंडळींची नावं न मागता कळावीत. आणि आपणही बँकेत गेलो, की व्याजाच्या दराबरोबर हे प्रश्न विचारावेत. शाखा व्यवस्थापकाला उत्तर देता आलं नाही, तर लेखी विचारावं. अमानत ठेवणाऱ्याचा तो हक्कच आहे.