धुऱ्यावरची माशी

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



भाव, वीज, कर्ज सोडून आम्ही आज माशीवर बोलायला उभे राहिलो म्हणून मागे कोणीतरी हसले. हसू द्या. आधी आमचीच एक चूक सांगतो.

कृषीची पदवी घेऊन आम्ही नवेनवे गावोगाव फिरत होतो. सूर्यफुलाचे दिवस होते. एकाच्या ऐन फुललेल्या पिकावर अळी दिसली. आम्ही म्हणालो, उद्या सकाळीच फवारा. त्याने भरवशाने फवारले. कणसे ताटाएवढी झाली. चोळून पाहिली तर निम्मे दाणे पोचट. आम्ही बियाण्याला दोष दिला आणि मोकळे झालो. सूर्यफुलाच्या एका कणसात शेकडो फुले असतात, ती कडेकडून आत आठ-दहा दिवस उमलत जातात, माशीने पराग इकडून तिकडे नेला तरच दाणा नीट भरतो, हे आम्ही शिकलो होतो. माश्या कमी असतील तर सकाळी हाताला मऊ फडके गुंडाळून कणसांवरून फिरवा, अशी शिफारसही होती. परीक्षेत लिहिले आणि शिवारात विसरलो. त्या साली सावकाराचे व्याज त्याने भरले, आम्ही नाही.

आता कापसाचे. माशी नसेल तर बोंडच धरणार नाही, असे कोणी सांगितले तर मानू नका. कापूस बहुतांशी स्वतःच्याच परागावर पिकतो. ज्वारीलाही माशीची गरज नाही. गरज आहे ती माशीला. कापसाचा गोड रस फुलात असतो, तसा पानामागच्या शिरेवर आणि पातीच्या बुडाशीही सुटतो. ज्वारीत रस नाही, पण सकाळी कणसावर माश्या पराग गोळा करताना तुम्ही पाहिल्याच असतील. म्हणजे भाकर ती कापूस-ज्वारीत खाते आणि चाकरी दुसरीकडे करते: कारळावर, कांद्याच्या बियाण्यावर, दोडक्या-काकडीच्या वेलावर. कारळाचे फूल तर स्वतःच्या परागाने बी धरतच नाही. माशी आली नाही तर शेत पिवळेधमक दिसते आणि खळ्यावर मूठभर येते.

पण कापूस-ज्वारीचा फुलोरा बारा महिने नसतो. मधल्या काळात माशीला जगवतात धुऱ्यावरची झाडे. कडुनिंब, करंज, बोर, तुळस, अडुळसा. ज्यांना आपण औषधी म्हणतो आणि ज्यांना सातबाऱ्यावर जागा नाही.

तरवड पाहा. पोरांनाही माहीत असलेले झुडूप. त्याच्या पिवळ्या फुलात रस अजिबात नाही. पराग आहे, पण तो पुंकेसराच्या पिशवीत बंद. टोकाला बारीक भोके. मधमाशीला तो नीट काढता येत नाही. काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि अंग असे थरथरवतो की मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसा पराग त्याच्या अंगावर पडतो. घूं आवाज ऐकू येतो तो तोच. हाच भुंगा शेवग्यावर जातो. शेवग्याला शेंग धरवणाऱ्यांत त्याचे काम मोठे आहे. तो राहतो वाळक्या लाकडात, भोक पाडून. आपण धुऱ्यावरचे वाळके खोड जाळले, उरले त्यावर तणनाशक मारले, आणि आता विचारतो, शेवगा फुलतो पण शेंग का लागत नाही?

फवारू नका, असे आम्ही म्हणणार नाही. बोंडअळी घरात घुसल्यावर असले उपदेश सुचत नाहीत. पण २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे विष पंप पाठीवर घेणाऱ्या धडधाकट माणसाला आडवे करते, ते माशीचे काय करत असेल? बियाण्याला चोळलेली काही औषधे तर झाडात भिनून फुलाच्या रसापर्यंत जातात. त्यांतली तीन युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतात वापरायला बंद केली.

तेव्हा एवढे करा. कापसाचे फूल सकाळी उमलते, संध्याकाळपर्यंत मिटते. फवारायचेच असेल तर दिवस कलल्यावर, माश्या मोहोळाकडे परतल्यावर फवारा. कारळ, कांदा, सूर्यफूल ऐन फुलोऱ्यात असताना पंप घरी ठेवा, आणि शेजाऱ्यालाही सांगा, कारण माशीला धुरा कळत नाही. आग्या मोहोळाला मधासाठी जाळू नका. आणि ज्याच्या धुऱ्यावर तरवड उरला असेल त्याने बैठक संपल्यावर आम्हाला भेटावे. बी न्यायचे आहे.