लशीतल्या चोराची पारख

दूध नासले तर वासाने कळते. पण मायकोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्मजंतू पेशींच्या द्रवात शिरला, तर द्रव सहसा गढूळदेखील होत नाही. त्याला पेशीभित्तिकाच नाही. त्यामुळे पेनिसिलिन त्याचे काही बिघडवीत नाही, आणि ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटतो. म्हणून पेशींवर वाढविलेल्या लशींची तपासणी सक्तीची असते.

युरोप व अमेरिका, दोन्हीकडच्या औषधसंहिता जंतू वाढतो का हे २८ दिवस पाहायला सांगतात. जनुकतपासणी लवकर होते. युरोपची अट अशी की, मिलिलिटरमागे वाढू शकणारे १० जंतू असले तरी ते सापडावेत. अमेरिका म्हणते, नवी पद्धत जुनीच्या तोडीची आहे हे सिद्ध करा.

पेशींचे काही उपचार थोडेच दिवस टिकतात. तिथे रोगी २८ दिवस कसा थांबणार? तेव्हा कसोटी झटपट हवीच. मात्र चोर तिच्या हातून सुटता कामा नये.