यंत्राचा नकाशा कामगाराला वाचता आला पाहिजे
(चेन्नई येथील कामगार शिबिरात केलेले भाषण)



२७ एप्रिल १९१८ रोजी याच शहरात, तेव्हाच्या मद्रासमध्ये, मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. त्या काळच्या गिरणी कामगाराला आपले यंत्र कसे चालते ते डोळ्यांनी दिसत होते. आज अंबत्तूर असो की आपले चाकण, यंत्र चालवतो तो पॅनेलमधला पीएलसी, आणि त्यातला प्रोग्राम कामगाराला दिसत नाही.

१९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने रिलेच्या पॅनेलऐवजी अशा साधनाची मागणी केली. इलेक्ट्रिशियनला रिलेची आकृती समजत असे, म्हणून प्रोग्रामही तशाच लॅडर पद्धतीने लिहीत. पण लॅडर लांबली की कामाचा क्रम हरवतो. फ्रान्समध्ये १९७७ साली ग्राफसेट ही फ्लो चार्टसारखी पद्धत निघाली. १९९३च्या आंतरराष्ट्रीय मानकात तशा क्रम-आकृतीला लॅडरबरोबर स्थान मिळाले.

प्रेसचे उदाहरण घ्या. चौकोन म्हणजे पायरी, त्याखालची आडवी रेघ म्हणजे अट. पहिली पायरी : प्रेस थांबलेली. अट : गार्ड बंद, दोन्ही हातांची बटणे दाबलेली. दुसरी पायरी : रॅम खाली. अट : खालचा लिमिट स्विच लागला. तिसरी पायरी : रॅम वर. अट पुरी होईपर्यंत काम पुढच्या पायरीवर जात नाही. प्रेस अडली तर कोणती अट अपुरी आहे, हे ऑपरेटरलाही वाचता येते. उत्पादन वाढवण्यासाठी कुणी गार्डची अट काढली, तर तेही उघड होते.

मात्र चार्ट म्हणजे सुरक्षा नव्हे. इमर्जन्सी स्टॉप आणि गार्ड यांचे स्वतंत्र सुरक्षा सर्किट हवेच.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. आमच्या मागण्या तीन आहेत. चार्ट यंत्रापाशी, कामगाराच्या भाषेत लावा. त्यातला प्रत्येक बदल तारीख-सहीनिशी नोंदवून सुरक्षा समितीला कळवा. आणि तो वाचण्याचे प्रशिक्षण कंत्राटी कामगारांसह सर्वांना, कामाच्या वेळेत द्या.

नव्या तंत्रामुळे कपात होण्याचा संभव असेल तर आधी नोटीस देण्याची तरतूद १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. अशी नोटीस आली की किती माणसे कमी होणार, एवढेच विचारून थांबू नका. चार्ट मागा. कोणते काम यंत्राकडे गेले आणि कोणती जोखीम माणसाकडे राहिली, हे त्यावरून कळेल. मग वाटाघाटीच्या टेबलावर आपल्याला कोणी अडाणी ठरवू शकणार नाही.