चोपता, मे महिना आणि खिशातला स्पीकर

हेडफोन लावून ऐकत असाल तर उत्तमच, कारण आजचा विषय आवाजाचाच आहे. आणि माझ्या एका चुकीचा.

मे महिन्यात मी उत्तराखंडमधल्या चोपत्याला गेले होते, पक्षी बघायला. उंची सुमारे २,७०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्याही किलोमीटरभर वर. पुण्यात पंखा पाचवर आणि इथे पहाटे साडेचारला मी कानटोपी घालून कुडकुडतेय!

पाचच्या आधीच उजाडायला लागलं आणि जंगल एकदम बोलायला लागलं. खालच्या दरीतून ग्रेट बार्बेटची हाक येत होती. हा आपल्या तांबटाचा मोठा भाऊबंद. ओकच्या शेंड्यावर रुफस सिबिया शीळ घालत होता. मी फोनवर मर्लिन ॲप चालू केलं. ते नुसतं ऐकतं आणि कोण गातंय त्याचा अंदाज सांगतं. स्क्रीनवर एकामागून एक नावं येत होती. इथपर्यंत सगळं छान.

मग एका ओढ्याजवळच्या झुडपातून टेसियाचा आवाज आला. चेस्टनट-हेडेड टेसिया म्हणजे लिंबाएवढा पक्षी. डोकं तांबूस, पोट पिवळं, शेपूट जवळजवळ नाहीच. झुडपातून बाहेर यायचं नाव घेत नाही. आमचे गाईड, त्यांना सगळे भैजी म्हणतात, जरा मागे राहिले होते. माझ्या खिशात छोटा ब्लूटूथ स्पीकर होता. म्हटलं, एकदाच.

त्याचंच रेकॉर्ड केलेलं गाणं लावलं. दहा सेकंदांत तो समोर! चोचीत अळी होती. मी फोटो काढले, पण एकही नीट आला नाही. पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. तेव्हा त्याने अळी टाकून दिली आणि जीव तोडून गायला लागला. या फांदीवरून त्या फांदीवर, नुसती धावपळ.

तेवढ्यात भैजी आले. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "दीदी, वो अळी उसके बच्चों की थी." अळी हा शब्द माझ्याकडूनच शिकले होते ते, आदल्या दिवशी. मी स्पीकर बंद केला.

आता यात नेमकं काय होतं ते सांगते. उन्हाळा हा तिथल्या पक्ष्यांचा विणीचा हंगाम. वर थंडी लवकर परतते, त्यामुळे घरटं, अंडी, पिल्लं सगळं मोजक्या आठवड्यांत उरकायचं असतं. नर गातो म्हणजे सांगतो, ही जागा माझी आहे. आपण रेकॉर्डिंग लावलं की त्याला वाटतं, घरात दुसरा नर घुसला. खाणं, भरवणं सोडून तो भांडायला येतो. पण हा शत्रू दिसतही नाही आणि हरतही नाही! आणि मी एकटीच थोडी होते? माझ्यानंतर दुसरा ग्रुप, मग तिसरा. पक्षी तोच, घरटं तेच.

दुपारी आम्ही तुंगनाथच्या वाटेवर चढलो. मंदिर सुमारे ३,६८० मीटरवर आहे. झाडं संपून गवताळ उतार लागला तिथे भैजी म्हणाले, बसा. बसलो. पाऊण तास काहीच नाही. माझी चुळबुळ चालू. आणि मग दगडामागून मोनाल बाहेर आला. उत्तराखंडचा राज्यपक्षी. हिरवा, निळा, तांबूस, डोक्यावर तुरा. चोचीने माती उकरून कंदमुळं शोधत होता. आम्ही आहोत की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. वीस मिनिटं बघितला आणि स्वतःच्या मर्जीने तो उतारापलीकडे गेला.

टेसियाचे फोटो अजून फोनमध्ये आहेत. शार्प आलेत, पण कुठेही टाकले नाहीत.

आपल्याकडे पावसाच्या सुरुवातीला नवरंग येतो, घरटं करायला. त्याचं गाणंही फोनवर एका क्लिकवर मिळतं. तेव्हा हात खिशाकडे जाईल. माझाही जाईल. म्हणून मी स्पीकर घरीच ठेवते.

तुमच्याकडून असं कधी झालंय का? नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!